‘चिनी माणूस असाच असतो’ : एका वाक्याचा पंचनामा

१/ चीनमध्ये चार-सहा महिने राहून आलेला परदेशी माणूस काही गोष्टी हमखास सांगतो. तिथे सगळे गरम पाणी पितात. दुपारी कचेरीतच टेबलावर डोके टेकून डुलकी काढतात. हॉटेलात बिल कोण भरणार यावरून झटापट करतात. ही निरीक्षणे खरी असू शकतात. घोटाळा होतो तो त्यांच्या पाठोपाठ येणाऱ्या वाक्यात : ‘चिनी माणूस असाच असतो.’ हा धागा त्या वाक्याविरुद्ध आहे.

२/ आधी गरम पाणी. चित्रफितींमध्ये त्याला ‘हजारो वर्षांचे शहाणपण’ म्हणतात. चिनी वैद्यकातील उष्ण-शीत विचार जुना आहे आणि चहाही जुना आहे. पण पाणी उकळायला सरपण लागते, आणि उत्तर चीनच्या उघड्याबोडक्या मैदानात गरीब माणूस वाळका पालाही वेचून घरी नेत असे. त्याच्या घरी दिवसभर उकळते पाणी कोठून येणार?

३/ उकळलेले पाणी ही साऱ्या देशाची सवय झाली ती विसाव्या शतकात. १९५२ साली सुरू झालेली ‘देशभक्तिपर आरोग्य मोहीम’, शाळा-कारखान्यांतील पाण्याचे बंब आणि घरोघरी पोहोचलेला थर्मास यांचा त्यात मोठा वाटा आहे. कॉलरा आणि आमांश यांच्याशी लढताना राज्यसंस्थेने लावलेली ही सवय होती. निरीक्षकाने थर्मास पाहिला. त्यामागची साथ आणि मोहीम त्याच्या दृष्टीस पडली नाही, म्हणून ती रिकामी जागा त्याने ‘स्वभाव’ या शब्दाने भरली.

४/ ही खोड आजची नाही. तिचा सर्वांत प्रसिद्ध नमुना म्हणजे आर्थर हेंडरसन स्मिथ. जन्म १८४५, अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यात. १८७२ मध्ये हा मिशनरी चीनला पोहोचला आणि पुढे शानडोंग प्रांतातील पांगज्वांग नावाच्या खेड्यात अनेक वर्षे राहिला. त्याने शांघायच्या ‘नॉर्थ चायना डेली न्यूज’मध्ये लिहिलेले लेख १८९० साली ‘चायनीज कॅरॅक्टरिस्टिक्स’, म्हणजे ‘चिनी स्वभाववैशिष्ट्ये’, या नावाने पुस्तकरूपाने आले. सुधारित आवृत्ती १८९४ ची.

५/ स्मिथला मूर्ख ठरवणे सोपे आहे आणि चुकीचेही. त्याला चिनी भाषा येत होती, त्याने म्हणी गोळा केल्या होत्या आणि खेड्याचे जीवन त्याने बंदरांतील गोऱ्या व्यापाऱ्यांपेक्षा फार जवळून पाहिले होते. आपली प्रकरणे म्हणजे एका निरीक्षकाने काढलेली कच्ची रेखाटने आहेत, असे त्याने प्रस्तावनेत मान्यही केले. पण प्रकरणांची नावे वाचली की ती नम्रता टिकत नाही. ‘काटकसर’, ‘वेळेची बेफिकिरी’, ‘अचूकतेची बेफिकिरी’, ‘मज्जातंतूंचा अभाव’, ‘सहानुभूतीचा अभाव’. कोट्यवधी माणसे आणि एकेका दोषाला एकेक प्रकरण.

६/ ‘अचूकतेची बेफिकिरी’ घ्या. स्मिथची तक्रार अशी की, चिनी खेडूत एका गावापासून दुसऱ्या गावाचे अंतर जितके ‘ली’ सांगतो, तितके परतीच्या वाटेचे सांगत नाही. यावर हसू येते. पण कारण त्याच्याच पुस्तकात आहे. हमालाची मजुरी अंतरावर ठरे. चढाच्या वाटेला श्रम अधिक, म्हणून तिचे ‘ली’ही अधिक. म्हणजे हे माप जमिनीचे नव्हते, श्रमाचे होते. ज्याच्या खांद्यावर ओझे आहे त्याच्या दृष्टीने ते पुरेसे अचूक होते.

७/ दुसरी तक्रार नाण्यांची. भोके पाडलेली तांब्याची नाणी दोऱ्यात ओवून ‘शंभर’ची माळ करत, पण मोजल्यावर त्यात शंभर नाणी भरत नसत आणि हा आकडा गावोगावी बदले. स्मिथला यात ढिलाई दिसली. इतिहासात मात्र ही पद्धत सरकारी हिशेबातही सापडते. इ. स. ९७७ मध्ये सोंग दरबारानेच ७७ नाण्यांचा ‘शंभर’ अधिकृत ठरवला होता. नाण्यांची टंचाई आणि व्यापाराची सोय यांतून आलेला हा संकेत होता. प्रत्येक बाजारपेठेला आपला आकडा पाठ होता. तो फक्त नवख्याला ठाऊक नव्हता.

८/ मराठी वाचकाला यात चमत्कारिक वाटण्याचे कारण नाही. आपल्याकडे कच्चा शेर होता आणि पक्का शेरही होता. कोसाची लांबी प्रांतागणिक बदलत असे. यावरून कुणी ‘मराठी माणसाला मोजमापाचे वावडे आहे’ असा सिद्धांत मांडला, तर त्याला मोडी दफ्तरातील जमाखर्चाची एक वही दाखवणे पुरेसे होईल. एकच माप सर्वत्र चालावे यासाठी आधी बलवान राज्यसंस्था आणि रेल्वेने जोडलेला बाजार लागतो.

९/ ‘वेळेची बेफिकिरी’ तर अधिकच मौजेची. अकराव्या शतकाच्या अखेरीस काइफेंग येथे सू सोंग याने पाण्यावर चालणारा प्रचंड घड्याळ-मनोरा उभारला होता. तो क्षणभर बाजूला ठेवू. स्मिथने अमेरिका सोडली तेव्हा खुद्द अमेरिकेत गावोगावी वेगळी वेळ होती. रेल्वे कंपन्यांनी तेथे प्रमाणवेळ लागू केली ती १८ नोव्हेंबर १८८३ रोजी, म्हणजे स्मिथ चीनला येऊन अकरा वर्षे झाल्यावर. मिनिटाला बांधलेला जो ‘पाश्चात्त्य स्वभाव’ तो गजासारखा वापरत होता, तो त्याच्याही देशात नुकताच घडत होता.

१०/ मुंबईने तर १९०६ नंतरही भारतीय प्रमाणवेळेपासून ३९ मिनिटे मागे असलेली आपली ‘मुंबई वेळ’ दीर्घकाळ सांभाळली. त्यात वसाहती सरकारच्या हुकमाविरुद्धचा राग होता आणि नागरी अभिमानही होता. बाहेरून आलेल्या माणसाला मात्र इतकेच दिसले असते की या शहराची घड्याळे चुकतात.

११/ आता ‘अब्रू’. स्मिथच्या पुस्तकातील पहिलेच प्रकरण ‘चेहरा’ या चिनी कल्पनेवर आहे. चारचौघांत आपली शोभा राहावी म्हणून चिनी माणूस काहीही करतो, हे त्याला रंगभूमीवरच्या नाटकासारखे वाटले. त्याच्या गोऱ्या वाचकांना हे गूढ वाटले असेल. ज्या भाषेत माणसाचे नाक कापले जाते, तोंड दाखवायला जागा उरत नाही आणि खाली मान घालावी लागते, त्या भाषेच्या वाचकाला हे गूढ वाटू नये. जिथे उधार, सोयरीक आणि साक्ष हे सारे माणसाच्या नावावर चालते, तिथे नाव हीच पत असते. त्या व्यवहाराला नाटक म्हणणाऱ्याने गावचा हिशेब पाहिलेला नाही.

१२/ येथवरचा वाद मोजमापांचा होता. आता खरा मुद्दा. ‘काटकसर’ या प्रकरणात स्मिथ एका म्हातारीची हकीकत सांगतो. ती कष्टाने खुरडत चालली होती. चौकशी केल्यावर कळले की ती नातेवाइकाच्या घरी मरायला निघाली आहे. ते घर कुटुंबाच्या स्मशानाजवळ होते. तेथे मरण आले तर शवपेटी लांबवर वाहून नेणाऱ्यांचा खर्च वाचणार होता.

१३/ ही हकीकत दारिद्र्याखाली नोंदता आली असती, किंवा अंत्यविधीच्या खर्चाखाली. स्मिथने ती गुणाच्या यादीत घातली. म्हातारी चालत होती, हे निरीक्षण. तिला खर्च वाचवायचा होता, हेही निरीक्षण. ‘काटकसर हा या लोकांचा स्वभावच’ हा मात्र निष्कर्ष, आणि तो काढताच तिच्याविषयीचे सारे प्रश्न संपतात. खांदेकऱ्यांची मजुरी किती होती? त्या घरात कर्ज किती होते? शेवटचे पीक कधी आले होते? स्वभाव सांगितला की यांपैकी काहीही विचारावे लागत नाही.

१४/ आणि स्मिथला दुष्काळ ठाऊक नव्हता असे नाही. १८७६ ते १८७९ या वर्षांत उत्तर चीनमध्ये भीषण दुष्काळ पडला. शानशी, हनान, शानडोंग, झिली आणि शेन्शी या प्रांतांत मिळून ९० लाख ते १ कोटी ३० लाख माणसे मेल्याचे अंदाज आहेत. स्मिथ शानडोंगमधील मदतकार्यात स्वतः होता. म्हणजे उपाशी माणसे त्याने डोळ्यांनी पाहिली. तरीही त्यानंतरच्या पिढीचे पालापाचोळा वेचणे आणि कण न कण वाचवणे त्याच्या पुस्तकात ‘वैशिष्ट्य’ म्हणून आले.

१५/ त्याच वर्षांत, त्याच हवामानाच्या फटक्याने दख्खनही होरपळत होते. १८७६ ते १८७८ चा दुष्काळ सोलापूर, नगर, विजापूर भागात ज्यांनी भोगला ते शानडोंगच्या शेतकऱ्याचे समदुःखी होते. ब्रिटिश अमलाखालील प्रदेशांत पन्नास लाखांहून अधिक बळी गेले असे मानले जाते. पण गोऱ्या अंमलदारांच्या लेखी दख्खनच्या कुणब्याचा ‘स्वभाव’ कोणता होता? उधळेपणा! लग्नकार्यात पैसा उडवतो, म्हणून सावकाराच्या दारात जातो.

१६/ दोन्ही एकत्र ठेवून पाहावे. एकाच काळात दोन शेतकरी उपाशी. एक म्हणे स्वभावतः काटकसरी, दुसरा म्हणे स्वभावतः उधळ्या. १८७५ च्या दंग्यांनंतर नेमलेल्या दख्खन दंगा आयोगाने चौकशी केली, तेव्हा लग्नखर्चाच्या कारणाला वाजवीपेक्षा अधिक महत्त्व दिले गेल्याचे त्यालाच नमूद करावे लागले. कर्ज, सारा आणि भाव यांचे आकडे समोर आले की स्वभावाची कथा किती पातळ होते, याचे हे उत्तम उदाहरण.

१७/ ‘पण स्मिथने तर कौतुकच केले! काटकसर, उद्योग, चिकाटी हे गुणच आहेत ना?’ हा आक्षेप येणार. कौतुकाचे पुढे काय झाले ते पाहा. अमेरिकेने १८८२ मध्ये कायदा करून चिनी मजुरांना दार बंद केले आणि ही बंदी १९४३ पर्यंत उठली नाही. १९०२ मध्ये तेथील कामगार महासंघाने बंदी टिकवण्यासाठी पुस्तिका काढली. तिच्या शीर्षकातच मांसाविरुद्ध भात असा सामना होता. चिनी माणूस थोडक्यात भागवतो, काहीही सोसतो, म्हणून तो गोऱ्या मजुराची मजुरी पाडतो, हा तिचा रोख.

१८/ गुण तेच, फक्त आता त्यांचे आरोपपत्र झाले होते. ‘मज्जातंतूंचा अभाव’ या प्रकरणाचेही तसेच. चिनी रुग्ण न कळवळता वेदना सोसतो, चिनी माणूस कुठेही झोपतो, गोंगाटाचा त्याला त्रास होत नाही. ज्याला वेदनेवर औषध कधी मिळालेच नाही आणि झोपायला शांत खोली कधी लाभली नाही, त्याच्या सोसण्याला शरीररचना मानले की त्याला औषध देण्याची, खोली देण्याची आणि पुरेशी मजुरी देण्याचीही गरज उरत नाही. स्वभावाची चर्चा इतकी लोकप्रिय का, याचे उत्तर बहुधा येथेच आहे. ती फार स्वस्त पडते.

१९/ या पुस्तकाचा पुढचा प्रवासही उद्बोधक आहे. १८९४-९५ च्या युद्धात जपानने चीनला हरवले आणि १८९६ मध्ये पुस्तकाचे जपानी भाषांतर आले. विजेत्याला पराभूताचा ‘स्वभाव’ हवाच असतो. जपानीवरून ते १९०३ मध्ये चिनीतही उतरले. जपानमध्ये शिकणाऱ्या चिनी तरुणांपैकी एक होता पुढे आधुनिक चिनी साहित्याचा अग्रणी ठरलेला लू शुन. १९३६ च्या ऑक्टोबरमध्ये तो वारला. त्याच्या काही आठवडे आधीही त्याने इच्छा लिहून ठेवली की, कुणीतरी स्मिथचे पुस्तक चिनीत आणावे, म्हणजे लोक ते वाचून आत्मपरीक्षण करतील.

२०/ लू शुनची तळमळ खरी होती. गुलामी वृत्तीवर त्याच्याइतके निर्दय कुणी लिहिले नाही. पण आपल्या समाजावर टीका करण्यासाठी त्याने जो आरसा हाती घेतला, तो मिशनच्या घरात घडवलेला होता. त्या आरशात जमीनदार, सारा, अफू आणि परकीय तोफा दिसत नव्हत्या, दिसत होता फक्त ‘चिनी माणूस’. स्मिथच्या शेवटच्या प्रकरणात या रोगावर औषधही ठरलेले होते : ख्रिस्ती धर्म. रोगाचे निदान स्वीकारून औषध नाकारणाऱ्याने निदान कुणी केले आणि कशासाठी केले, हेही विचारायला हवे होते.

२१/ दुसरे टोक गू होंगमिंग याचे. पेनांगमध्ये जन्मलेला, एडिंबरोत शिकलेला, युरोपीय भाषांचा जाणकार. १९१५ मध्ये त्याने ‘द स्पिरिट ऑफ द चायनीज पीपल’ हा इंग्रजी ग्रंथ लिहून स्मिथवर हल्ला चढवला. त्याचा युक्तिवाद काय? स्मिथला खरा चिनी माणूस कळला नाही, कारण स्मिथ अमेरिकन आणि अमेरिकनांमध्ये खोली नसते! म्हणजे ‘चिनी असेच असतात’ याला उत्तर ‘अमेरिकन असेच असतात’. चिनी आत्म्याच्या अशाच गौरवात त्याने रखेली ठेवण्याच्या प्रथेचेही समर्थन करून टाकले. निंदेला स्तुतीने उत्तर दिल्याने विचारपद्धती बदलत नाही.

२२/ मग परदेशी माणसाने काही लिहूच नये काय? लिहावे, फक्त आपण कुठे उभे आहोत हे सांगून लिहावे. १९०० सालचे बीजिंग. २० जून ते १४ ऑगस्ट असे ५५ दिवस परदेशी वकिलाती वेढ्यात होत्या. आत अडकलेल्यांत स्मिथ होता. वेढा फोडायला आलेल्या फौजांत भारतीय पलटणीही होत्या आणि त्या मोहिमेवर ७ व्या राजपूत पलटणीचा ठाकूर गदाधर सिंह हा शिपाईगडी गेला होता. १९०२ मध्ये त्याचे ‘चीन में तेरह मास’ हे हिंदी पुस्तक प्रसिद्ध झाले.

२३/ गदाधर सिंहाने जळलेली गावे पाहिली, मित्रफौजांनी सामान्य चिनी लोकांवर केलेले अत्याचार पाहिले आणि ते लिहून ठेवले. चिनी माणसे त्याला आशियातील आपलीच भाऊबंद वाटली. हिंदुस्थानही परक्यांच्या ताब्यात आहे, ही जाणीव त्याच्या करुणेत मिसळलेली होती. साचेबंद समजुती त्याच्याही लेखनात आहेत. पण आपण ज्या फौजेत आहोत ती येथे काय करते आहे, हा प्रश्न त्याला पडला. ‘चिनी माणूस कसा असतो?’ यापेक्षा हा प्रश्न अवघड आहे आणि इतिहासाला उपयोगी पडतो तोही हाच.

२४/ दुसरे उदाहरण जॉन लॉसिंग बक याचे. हाही अमेरिकन आणि तोही मिशनच्याच कामासाठी आलेला. पण शेतीशास्त्र शिकलेल्या या माणसाने स्वभाव सोडून शेत मोजले. नानजिंगमध्ये अध्यापन करताना त्याने चिनी विद्यार्थ्यांना गावोगावी पाठवले. १९३७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या पाहणीत २२ प्रांतांतील १६,७८६ शेतांची माहिती होती : जमीन किती, तुकडे किती, खत कोणते, ताटात काय. गरिबांतील गरीब या पाहणीतून निसटले, जमिनीच्या विषम वाटपाला तिने पुरेसे महत्त्व दिले नाही, अशी टीका पुढे झाली. पण ती टीका करता आली, कारण आकडे समोर होते. ‘स्वभावा’वर अशी टीका करता येत नाही. तो फक्त मानायचा असतो किंवा नाकारायचा असतो.

२५/ आता काटा आपल्याकडे वळवू. सातव्या शतकात चिनी भिक्षू ह्युएनत्संग महाराष्ट्रात आला. येथील लोक मानी, उपकार स्मरणारे, अपमानाचा सूड घेणारे, शत्रूला आधी सूचना देऊन लढणारे, अशी नोंद त्याने केली. तो उतारा इतिहासप्रेमी मंडळी छाती फुगवून पुढे पाठवतात. पण त्याच वर्णनात लढाईपूर्वी मद्य पिऊन धुंद होणारे योद्धे आणि मद्य पाजलेले हत्तीही आहेत. तो भाग कुणी पुढे पाठवत नाही.

२६/ ह्युएनत्संगाची नोंद मौल्यवान आहे, पण ती पुलकेशी दुसरा याच्या राज्याविषयी आणि त्याच्या सैन्यव्यवस्थेविषयी आहे. तेराशे-चौदाशे वर्षांनंतरच्या कुणाच्या ‘रक्ता’विषयी ती काही सांगत नाही. परक्याने केलेली स्तुती प्रमाणपत्र म्हणून भिंतीवर लावायची आणि परक्याने दुसऱ्याची केलेली निंदा पुरावा म्हणून खिशात ठेवायची, ही दोन्ही कामे एकच माणूस करत असेल तर त्याला इतिहास नको आहे, सोयीची कुंडली हवी आहे.

२७/ २०२० नंतर भारतात चिनी माणसाविषयी फारच सहज बोलले जाते. काय खातात, कसे वागतात, ‘त्यांच्यावर विश्वास कसा ठेवणार’. चीनच्या राज्यसंस्थेवर, तिच्या सीमाधोरणावर आणि तिच्या दडपशाहीवर कठोर टीका व्हायलाच हवी. त्या टीकेसाठी धोरणे, करार, निर्णय आणि तारखा लागतात. ‘मुळात ते लोकच तसे’ म्हणणारा त्या राज्यसंस्थेचे काम हलके करतो, कारण सत्ताधाऱ्यांचा दोष तो प्रजेच्या हाडामांसात टाकतो.

२८/ म्हणून पुढच्या वेळी परदेशातील दैनंदिन जीवनाचे वर्णन वाचताना, मग ते १८९० चे असो वा कालच्या चित्रफितीतले, लेखक कोणत्या गावात होता, कोणत्या साली होता, कुणाच्या पैशावर होता आणि ज्यांच्याविषयी तो लिहितो ती माणसे त्याची नोकर होती की शेजारी, हे आधी शोधावे. स्मिथच्या पुस्तकातील निरीक्षणे आजही उपयोगी आहेत. फक्त त्यांची प्रकरणे नव्याने लावावी लागतील. स्मशानाच्या दिशेने खुरडत निघालेली ती म्हातारी मजुरीचे दर, गावांमधली अंतरे आणि दुष्काळाची वर्षे या प्रकरणात बसते. तिला तेथे नेऊन बसवणे हे इतिहासाच्या विद्यार्थ्याचे काम आहे.

#धागा #इतिहास #मराठी